मोजणीवाली

१

मोजणीवालीचं प्रेत सकाळी कड्याखालच्या वाळूत सापडलं. शिंपले वेचायला गेलेल्या दोघी जावांना आधी वाटलं, ओहोटीने ताडपत्रीचा तुकडा टाकलाय. जवळ गेल्यावर धाकटी तिथेच थांबली आणि थोरली हवालदाराला बोलवायला पळाली. दोघींनी तिला रोज येता-जाता पाहिलं होतं, पण तिच्याशी एक शब्दही कधी बोलल्या नव्हत्या. बोलायचं नाही, असं गावाचं ठरलं होतं.

तिला नाव होतं, पण गावाने ते कधी तोंडात घेतलं नाही. किनाऱ्यावर गॅसचं टर्मिनल बांधायचं म्हणून कंपनीने समुद्राचा तळ मोजायला पाठवलेली ती इंजिनीयर. म्हणून मोजणीवाली. तिशीच्या आतली, उन्हाने नाकाची सालं निघालेली, पायांत पिवळे रबरी बूट. रोज छोटी रबरी बोट घेऊन एकटीच पाण्यावर जायची. गावाने तिला वाळीत टाकलं होतं. दुकानात तिला पाव मिळत नव्हता, लॉजवाल्याने तिच्याकडून खोली रिकामी करून घेतली होती, आणि ती रस्त्याने आली की दारात बसलेली माणसं उठून आत जात. कंपनीच्या पत्र्याच्या खोलीत ती राहायची आणि डबाबंद काहीबाही खायची.

गावाचा रागही उगाच नव्हता. कॅलेंडरवर छापतात तसा तो किनारा. अर्धगोल पांढरी वाळू, मागे सुरूचं बन, एका टोकाला उंच कडा, दुसऱ्या टोकाला होड्या लागायचा धक्का आणि समोर पाण्यात ‘पालथी होडी’ नावाचा काळा खडक. टर्मिनल आलं की धक्का जाणार, बन जाणार आणि गॅसच्या जहाजांच्या वाटेवर मासेमारीला बंदी. पोटावरच पाय येत होता, तेव्हा गाव इरेला पेटलं होतं.

इन्स्पेक्टर जिल्ह्याहून दुपारी पोचला. या गावात त्याची मावशी राहायची. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्याने याच वाळूत काढल्या होत्या, त्यामुळे प्रेतावरची चादर बाजूला करताना त्याला कुणाच्या तरी घरात बूट घालून शिरल्यासारखं वाटलं.

“सरळ केस आहे, साहेब,” हवालदार म्हणाला. “बोट धक्क्याला बांधलेली आहे. तरंगायचं जॅकेट, फोन, पाण्याची बाटली, सगळं बोटीत. म्हणजे बाई काम आटपून परत आल्या, कड्यावर फिरायला गेल्या, तोल गेला.”

इन्स्पेक्टरने तिचे हात पाहिले. तळव्यांवर आणि गुडघ्यांवर बारीक, दाट चिरा होत्या, किसणीवर घासल्यासारख्या. उजव्या मनगटात स्प्रिंगसारखी लाल दोरी अडकवलेली होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा चाप होता.

“कड्यावरून पडलेल्या माणसाचं हाड मोडतं,” तो म्हणाला. “हिचं एकही मोडलेलं दिसत नाही.”

संध्याकाळी जिल्ह्याच्या रुग्णालयातून त्याला बोलावणं आलं. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरने आधी हात धुतले, पुसले, मग म्हणाला, “बुडून मेली. फुप्फुसात समुद्राचं पाणी आहे. पण तुम्हाला बोलावलं ते यासाठी.” त्याने स्टीलच्या ताटलीत ठेवलेली वस्तू पुढे केली. “तोंडात होती. जबडा इतका घट्ट मिटला होता की काढायला त्रास झाला.”

नारिंगी रंगाची प्लास्टिकची शिट्टी होती ती. दातांच्या खुणा तिच्यात खोल रुतल्या होत्या.

“हे कुणाला सांगू नका,” इन्स्पेक्टर म्हणाला. “माझ्या हवालदारालाही नाही.”

२

दुसऱ्या दिवशी तो आधी धक्क्यावर गेला. रबरी बोट हलक्या लाटेवर डुलत होती. मागचं इंजिन पाण्यातून वर उचलून ठेवलेलं होतं आणि दोन्ही वल्ही कड्यांत अडकवलेली होती.

इंजिनाच्या बाजूला एक छोटी खाच होती. प्रेताच्या मनगटावरची लाल दोरी त्याने सोबत आणली होती. तिचा चाप खाचेत बरोबर बसला.

“ही काय भानगड?” हवालदाराने विचारलं.

“हा चाप खाचेत असेल तरच इंजिन चालतं. दोरी हाताला बांधायची. माणूस पाण्यात पडला की चाप निसटतो आणि इंजिन बंद पडतं, म्हणजे बोट त्याला सोडून पळत नाही. आता सांग, दोरी तिच्या हातात होती. मग बोट इथे आली कशी?”

हवालदाराने वल्ह्यांकडे पाहिलं. “वल्हवत.”

“इंजिन चांगलं असताना ती वल्हवत कशाला येईल? तिने बोट कुठेतरी थांबवली, चाप काढला आणि बोटीतून उतरली. जिथे उतरली तिथून ती परत आलीच नाही. बोट दुसऱ्याच कुणीतरी आणली.”

ओहोटीला ते पोलिसांच्या बोटीने ‘पालथ्या होडी’वर गेले. खडकाच्या अंगावर कालवांची कवचं पात्यांसारखी उभी होती. इन्स्पेक्टरने नुसता हात टेकला तर तळव्यावर तशाच बारीक चिरा उमटल्या. किनाऱ्याच्या बाजूला बोट बांधायची जुनी लोखंडी कडी होती. समुद्राच्या बाजूला, एका फटीत, तिची मोजायची काठी अजून खोचलेली होती. तिथून कडी दिसत नव्हती. मधे खडकाची पाठ होती.

“ती इकडे काम करत बसली,” इन्स्पेक्टर म्हणाला, “आणि तिकडे कुणीतरी बोट सोडली. जॅकेट बोटीत, फोन बोटीत.”

“पण साहेब, भरती आली तरी हा माथा बुडत नाही. आम्ही लहानपणी इथे बसून गळ टाकायचो.”

“एरवी नाही बुडत. परवा संध्याकाळी वारा फिरला होता ना?”

परवा उन्हं कलल्यावर एकाएकी वारा सुटला होता आणि लाटा धक्क्यावर चढल्या होत्या, हे हवालदारानेच सकाळी सांगितलं होतं. दुपारपर्यंत मात्र समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता.

“जो कुणी इथे आला तो कशाने आला?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“गावातली होडी नव्हती, साहेब. टर्मिनलविरोधी सभा होती. सगळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या, मी डोळ्यांनी पाहिल्यात.” बोलता बोलता हवालदाराचा चेहरा उजळला. “कंपनीची लाँच. तीच असणार.”

ते तसंच निघावं असं त्याला वाटत होतं. त्याचं घरही याच गावात होतं.

३

परत येईपर्यंत गावभर तिचे फोटो लागले होते. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून छापलेला, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘आमची लेक. कंपनीने घेतलेला पहिला बळी.’ ज्या दुकानाने तिला पाव नाकारला होता, त्याच्या फळीवरही एक डकवला होता.

त्या फोटोसमोर एक म्हातारा उभा होता. तो तिचा बाप. शहरात कपडे शिवायचा. मुलीला न्यायला आला होता आणि रुग्णालयाने उद्या या म्हणून सांगितल्यावर, ती जिथे राहायची ते गाव बघायला आला होता.

“सगळ्यांना बरीच आवडत होती म्हणायची ती,” तो इन्स्पेक्टरला म्हणाला. “मला तर फोनवर म्हणायची, बाबा, इथे माझ्याशी कुणी बोलत नाही.”

इन्स्पेक्टरने त्याला धक्क्यावरच्या बाकावर बसवलं. बाप थोडा वेळ बोटांनी स्वतःच्याच बाहीची शिवण चाचपत राहिला.

“मोजायला मीच शिकवलं तिला. म्हणायचो, दोनदा मोजावं, एकदा कापावं. तेच नडलं बघा. शेवटच्या फोनवर म्हणाली, बाबा, इथला तळ काही धरत नाही. वरून वाळू दिसते, खाली नुसता घसरता चिखल. इथे टर्मिनल उभं राहणार नाही, मी साहेबांना सांगितलंय. फक्त खडकापाशी एकदा परत मोजते, मग सहीनिशी देते.” त्याने वर पाहिलं. “तुम्ही इन्स्पेक्टर आहात. एक विचारू? तिने कुणाला हाक मारली असेल का?”

इन्स्पेक्टर उठला आणि तसाच कंपनीच्या साहेबाकडे गेला.

साहेबाची कचेरी पत्र्याच्या मोठ्या पेटीत होती आणि आत हुडहुडी भरेल इतकी गार होती. टेबलावर काचेखाली टर्मिनलचा नमुना मांडला होता. त्यात सुरूच्या बनाच्या जागी टाक्या होत्या आणि टाक्यांभोवती स्पंजची झाडं.

“तळ धरत नाही असं ती तुम्हाला म्हणाली होती?”

“तोंडी काहीतरी म्हणाली होती. तरुण मुलगी, एकटी राहायची, मनावर परिणाम झाला होता. कागदावर असं काही नाही.”

“कागदावर येण्याआधी ती मेली. तुमच्या सोयीचं झालं.”

साहेब रागावला नाही. त्याने नमुन्यावरची धूळ फुंकली. “आमची लाँच पंधरवडाभर दुरुस्तीला आहे. इंजिन बाहेर काढून ठेवलंय, बघून या. आणि इन्स्पेक्टर, जरा विचार करा. मला ती नको असती तर मी तिची बदली केली असती. एका फोनचं काम. मोजणी करणारा दुसरा माणूस तसाही सोमवारी येतोय. त्याचं मत वेगळं असेल.”

लाँच खरंच दुरुस्तीच्या यार्डात होती, पोट फाडलेल्या माशासारखी. त्या इंजिनाशेजारी उभं राहून इन्स्पेक्टरला कळलं की साहेब खरं बोलला होता. कंपनीला तिला मारायची गरजच नव्हती.

४

गावातल्या लढ्याच्या पुढारी होत्या डॉक्टरीणबाई. साठी उलटलेली बाई, पण ताठ. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातून जन्मली होती. इन्स्पेक्टरच्या लहानपणी त्याच्या पायातली काच त्यांनीच काढली होती आणि तो रडला नाही म्हणून त्याला खडीसाखर दिली होती. त्यांचा दवाखाना सभेच्या हॉलला लागून, समुद्राकडे तोंड करून.

“ये,” त्या म्हणाल्या. “केस पांढरे झाले की रे तुझे. कंपनीच्या माणसाला पकडलंस का?”

“अजून नाही, बाई. परवा दुपारी तुम्ही कुठे होता?”

“सभेत. सगळं गाव सभेत होतं. जेवणं झाल्यावर बसलो ते दिवेलागणीपर्यंत. पुढच्या महिन्यात सरकारी सुनावणी आहे, तिथे कोण काय बोलणार ते ठरवत होतो. कुणालाही विचार.”

“त्या मुलीला वाळीत टाकायचं कुणी ठरवलं?”

“मी,” त्या सरळ म्हणाल्या. “तिला त्रास द्यायला नव्हे. कंपनीला कळावं म्हणून की इथे त्यांच्या माणसाला कुणी थारा देणार नाही. पण दवाखान्याचं दार तिला उघडं होतं. एकदा हाताचं बोट कापून आली तर टाके घातले मी. औषधपाण्याच्या आड मी काही येऊ देत नाही.”

लॉजवाला पलीकडे त्याच्या लॉजमध्येच भेटला. भरदार छातीचा, चाळिशीचा माणूस. रोज भर दुपारी तो किनाऱ्यावरून ‘पालथ्या होडी’ला वळसा घालून पोहत परत यायचा, म्हणून गावात त्याला ‘मासा’ म्हणत. मोजणीवाली आधी त्याच्याच लॉजमध्ये उतरली होती. तो कंपनीला फितूर आहे अशी कुजबुज त्यामुळे सुरू झाली आणि सगळ्यांत आधी तिला बाहेर काढलं ते त्यानेच.

“परवा पोहायला गेला होतास?”

“नाही. समुद्र खवळलेला होता.”

“दुपारी?”

“हो. म्हणजे, लाटा मोठ्या होत्या. मग सभेला गेलो.” तो ग्लास पुसत होता. कोरडा ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होता.

इन्स्पेक्टरने मान डोलावली आणि बाहेर आला. दुपारी समुद्र सपाट होता. आणि खडकापर्यंत होडीशिवाय जाऊ शकणारा माणूस गावात एकच होता.

हे कळल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता, पण मन स्वस्थ होईना. लॉजवाला दुपारी बोट घेऊन आला असेल. वारा फिरला तो उन्हं कलल्यावर. मधला सगळा वेळ ती खडकावर जिवंत होती, आणि तिच्या तोंडात शिट्टी होती.

५

मावशीचं घर धक्क्यावरचं शेवटचं. तिने चहा ठेवला, त्याच्यासमोर पाव आणि लोणी ठेवलं आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून बसली.

“दमलास रे बाबा.”

“मावशी, ती मुलगी इथून जायची ना रोज?”

“जायची की. माझ्या पायरीवर बसून बूट चढवायची. मी काही बोलायचे नाही, गावाने शब्द घेतला होता. पण ऊठ असंही कधी म्हटलं नाही.” ती पदराशी चाळा करत होती. “एकदा पायरी झाडून ठेवली होती मी. तिच्या लक्षात आलं असावं. हसली माझ्याकडे बघून.”

“परवा तू सभेला गेली होतीस?”

“गुडघे कुठे चालतात? घरीच होते. पण मला काही माहीत नाही हो. अशा वाऱ्यात शिट्टी कुठे ऐकू येते माणसाला.”

इन्स्पेक्टरने हातातला कप खाली ठेवला. बशीवर त्याचा आवाज झाला.

“मावशी,” तो हळू म्हणाला, “शिट्टीचं तुला कुणी सांगितलं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याने तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. ती उठली, भिंतीला धरून खिडकीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

“आधी तीन-तीनदा वाजायची,” ती म्हणाली. “मग थांबायची, मग परत तीन. मला वाटलं, सभेतलं कुणी जाईल. हॉलमध्ये एवढी बाप्ये माणसं, माझ्यापेक्षा जवळ. मग त्यांनी लाउडस्पीकर मोठा केला. मला वाटलं, त्याअर्थी कुणीतरी गेलंच असेल, म्हणून तर एवढे निवांत आहेत. पण ती वाजतच राहिली. कानाला सहन होईना रे. मी खिडकी लावून घेतली.”

“आणि मग?”

“मग थांबली. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आणलं बाई एकदाचं पोरीला.”

तिला रडू आलं नाही. इन्स्पेक्टरलाही नाही. चहावर साय धरत होती आणि दोघं त्या सायीकडे बघत राहिली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डॉक्टरीणबाईंना आणि लॉजवाल्याला सभेच्या हॉलमध्ये बोलावलं. हॉलला समुद्राकडे ओळीने खिडक्या होत्या. इन्स्पेक्टरने त्या एकेक करून उघडल्या. ‘पालथी होडी’ समोर इतकी जवळ दिसत होती की तिच्यावर बसलेले पक्षी ओळखू यावेत.

“कंपनीने केलं नाही हे,” तो म्हणाला. “लाँचला इंजिन नव्हतं, आणि होड्या वाळूवर होत्या. खडकावर जो गेला तो पोहत गेला. बोट त्याने वल्हवत आणली, कारण इंजिनाचा चाप त्या मुलीच्या हाताला होता. समुद्र खवळलेला होता असं तू म्हणालास, पण तेव्हा पाण्यावर सुरकुतीही नव्हती. तू गेला होतास.”

लॉजवाला खुर्चीत बसला. नाकारायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. उलट सुटल्यासारखा बोलायला लागला.

“गंमत म्हणून केलं. म्हटलं, बस तासभर. सगळे मला फितूर म्हणत होते ना. मी सभेत येऊन सांगितलं, मोजणीवाली खडकावर अडकलीये. सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.” त्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. “तासाभराने जाणारच होतो मी. तेवढ्यात बाई म्हणाल्या...”

“मी म्हणाले, भरतीपर्यंत बसू दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझं मी सांगते. भरतीलाही माथा कोरडा राहतो. म्हटलं, घाबरेल, निघून जाईल, आणि पुढचा कुणी यायला धजणार नाही.”

“आणि वारा सुटल्यावर?”

डॉक्टरीणबाईंनी लॉजवाल्याकडे पाहिलं आणि त्याने त्यांच्याकडे.

“शिट्टी तिच्या दातांत सापडली, बाई. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण काल संध्याकाळी मी चार घरी गेलो, नुसता बसलो, आणि चारही घरांत मी न विचारताच मला सांगण्यात आलं की आम्हाला काही ऐकू आलं नाही. सगळ्या गावाने कानांवर हात ठेवले. तुम्ही खिडक्या कधी लावल्यात?”

“ऐकू येईनासं व्हावं म्हणून नाही लावल्या,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. “वारा येत होता. कागद उडत होते. मी याला म्हटलं, जा आता. तो म्हणाला, लाटा फार आहेत, होडी काढायला दोघं-तिघं लागतील. मी म्हटलं, घ्या दोघं-तिघं. मग कुणीतरी भाषणाला उभं राहिलं. मला वाटलं, हा गेला.”

“मला वाटलं, बाईंनी दुसऱ्यांना पाठवलं,” लॉजवाला म्हणाला.

“मग शिट्टी थांबली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वाऱ्याने खिडकीचं एक दार आपटलं. मग त्या पुढे झुकल्या आणि त्याच्याशी अगदी हलक्या आवाजात बोलल्या, पूर्वी आजाऱ्याच्या उशाशी बोलायच्या तशा.

“ऐक. ती मुलगी काही परत येणार नाही. पण हे बाहेर पडलं तर सुनावणीत आमच्या तोंडाकडे कोण बघेल? गाव संपेल. तू इथे वाढलास. अपघात म्हणून लिही. बोट सुटली, एवढंच. मी हात जोडते. टर्मिनल थांबलं की मी स्वतः येऊन सगळं कबूल करीन.”

“टर्मिनल थांबलंच होतं, बाई.”

“म्हणजे?”

“तळ धरत नाही, असं तिचं मत झालं होतं. इथे बांधता येणार नाही असं ती सहीनिशी देणार होती. त्याचीच शेवटची खात्री करायला ती खडकावर गेली होती.”

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

इन्स्पेक्टरने लॉजवाल्याला उठवलं. बाहेर हवालदार उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने बेडी काढली, पण ती इन्स्पेक्टरच्या हातात दिली, आणि इन्स्पेक्टरनेच ती घातली.

“तूही सभेत होतास?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“दाराशी, साहेब,” हवालदार म्हणाला. “बंदोबस्ताला.”

७

लॉजवाल्याला शिक्षा झाली. बाकीच्यांना काही झालं नाही. ऐकलं आणि गेलो नाही, एवढ्यावर इतक्या माणसांना कुठल्या कलमाखाली धरायचं, हे सरकारी वकिलाला कळेना. डॉक्टरीणबाईंवरचा खटला उभाच राहिला नाही. त्यांनी दवाखाना बंद केला, आणि कुणी तो उघडा म्हणून सांगायलाही गेलं नाही. फोटो एका सकाळी सगळीकडून निघालेले दिसले. इन्स्पेक्टरने साहेबाचं बोलणं वर कळवलं होतं. गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही, असं उत्तर आलं. साहेबाने तर असं काही बोललोच नाही म्हणून लेखी दिलं. सोमवारी आलेल्या नव्या माणसाने तळ मोजला. तो उत्तम निघाला.

सुनावणी त्याच हॉलमध्ये झाली. इन्स्पेक्टर बंदोबस्ताला दारात होता. गाव सगळं आलं होतं, मावशीसुद्धा काठी टेकत आली होती. पण एकमेकांशेजारी बसूनही कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कंपनीचा वकील पहिल्या रांगेत होता. त्याच्यापुढे एकही कागद नव्हता, त्याने पेनही काढलं नव्हतं.

अध्यक्षांनी प्रकल्पाची माहिती वाचून दाखवली. “हरकती असतील तर मांडाव्यात.”

मधल्या रांगेतून डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. वकिलाने वळून त्यांच्याकडे फक्त पाहिलं. त्या थोडा वेळ समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या, मग खाली बसल्या.

“कुणीच नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी आहे.”

मागून मोजणीवालीचा बाप पुढे आला. इस्त्री केलेला, नीट बेतलेला कोट घालून आला होता. तो आल्याचं इन्स्पेक्टरला माहीत होतं. त्यानेच त्याला आत घेतलं होतं.

“माझी मुलगी इथे मोजायला होती,” बाप म्हणाला. “तिचं म्हणणं होतं, खाली चिखल आहे. इथे काही बांधू नये. किनारा चांगला आहे, असंही म्हणायची. एवढंच सांगायचंय.”

“आपल्याकडे काही पुरावा?”

“मला सांगितलं होतं तिने. फोनवर.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. अध्यक्षबाई वाईट नव्हत्या, आवाजही मऊ होता. “आपण या गावचे रहिवासी आहात का?”

“नाही. मी शहरात राहतो.”

“मग आपली हरकत मला घेता येणार नाही. ही सुनावणी फक्त स्थानिक लोकांसाठी आहे. गावातलं कुणी आपल्या वतीने हे म्हणणं मांडत असेल तर मी नोंदवून घेईन.”

बाप गावाकडे वळला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तो बघत गेला, गिऱ्हाइकांतून ओळखीचा चेहरा शोधावा तसा. इन्स्पेक्टरही दारातून बघत होता. दुकानदाराने हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने त्या दोघी जावांकडे. जावांनी डॉक्टरीणबाईंकडे आणि मावशीने काठीच्या मुठीकडे. प्रत्येकाला वाटत होतं, कुणीतरी उठेल.

अध्यक्षांनी बराच वेळ दिला. मग त्यांनी चष्मा परत घातला.